वारा कुठे अडला?

"गाडीचा एसी बिघडलाय" असं घरात कोणी म्हणालं, की लगेच विचारा, "म्हणजे नेमकं काय? हवा गार येत नाही, की हवाच येत नाही?" मोठी माणसं जरा वैतागतील, पण विचाराच. कारण ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. हवा गार करायचं काम गॅसचं आणि कॉम्प्रेसरचं. ती हवा तुमच्या तोंडापर्यंत ढकलायचं काम मात्र डॅशबोर्डच्या पोटात लपलेल्या एका पंख्याचं. त्याला म्हणतात ब्लोअर. त्याला घरच्या पंख्यासारखी तीन पाती नसतात बरं का! पिंपासारखा गोल पिंजरा आणि त्याला सभोवती उभ्या बारीक पट्ट्या, असं त्याचं रूप.

आता तुम्ही म्हणाल, हवा थोडी कमी आली तर बिघडलं कुठे? घाम पुसू की! मलाही हा प्रश्न घामाचाच वाटत असे. पण पावसाळ्यात तो घामाचा राहत नाही.

एका जुलैमध्ये आम्ही चिपळूणहून कराडला निघालो होतो. मेव्हणे गाडी चालवत होते, शेजारी बहीण. मागे आई, सातवीतली भाची आणि मी. कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि पावसाने धुमाकूळ मांडला. काचा बंद, पाच जणांचे श्वास, पायाशी ओल्या छत्र्या. बघता बघता पुढची काच आतून पांढरीफटक झाली. मेव्हण्यांनी हवा काचेवर सोडली, पंखा चारवर नेला. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, आणि हवा? चहावर फुंकर घालावी इतकी! बहीण फडक्याने काच पुसायची, मिनिटात ती परत पांढरी. समोरून येणाऱ्या ट्रकचे नुसते दिवे दिसत होते. ट्रक केवढा, किती जवळ, काही कळेना. आईने तर डोळेच मिटून घेतले. शेवटी बाजूच्या काचा खाली केल्या आणि भिजत भिजत, रस्ता रुंद होता तिथे गाडी कडेला घेतली.

काच अशी का धुरकटते? बाहेरच्या पावसाने काच गार झालेली असते. आतल्या हवेत आपल्या श्वासातलं बाष्प असतं. ते काचेला टेकलं की त्याचे बारीक थेंब होतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटतं ना, तसंच. हे थेंब घालवायचे तर काचेवर कोरडी हवा जोरात यायला हवी, आणि हवा कोरडी करण्यात एसी पटाईत. त्यातल्या गार जाळीवर हवेतलं पाणी जमतं आणि नळीवाटे गाडीखाली टपकतं. गंमत म्हणजे विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरने 1902 साली एसीचा आराखडा केला, तो ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने तिथला कागद फुगत-आकसत होता, रंग जागेवर बसत नव्हते. माणसांच्या सुखाचा विचार नंतरचा!

कराडला पोचल्यावर गॅरेज गाठलं. मेकॅनिकने बॉनेटही न उघडता सांगितलं, "गॅस संपलाय, भरून घ्या." मेव्हणे पाकीट काढणार, तोच आमची भाची म्हणाली, "पण काका, येतीये ती हवा गारच आहे. फक्त थोडीच येतीये." तो माणूस क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला, मग हसला आणि गाडीत येऊन बसला.

पुढची दहा मिनिटं त्याने जे केलं ते खरोखर पाहण्यासारखं होतं. पंखा एक, दोन, तीन, चार असा वाढवत त्याने नुसता कान दिला. आवाज दर वेळी वाढत होता, म्हणजे मोटर ठणठणीत. सगळ्याच जाळ्यांतून हवा सारखीच कमी, म्हणजे अडथळा वाट फुटायच्या आधी. मग त्याने ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि मागच्या खाचेतून फिल्टर ओढून काढला. पांढऱ्या कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या तर कसा दिसेल? फिल्टर मुळात तसा असतो. आमचा काळा ठिक्कर होता. घड्यांत धूळ, वाळलेली पानं, सावरीचा कापूस आणि एक मेलेली गांधीलमाशी! फिल्टरशिवाय पंखा लावला, तर हवेने भाचीची वेणी उडाली. निदान झालं. नवा फिल्टर काही शे रुपयांचा. (फिल्टर काढून तशीच गाडी चालवू नये. तो कचरा मग थेट गार जाळीवर बसतो आणि ती साफ करणं फार किचकट.)

सगळ्यांचा चोर फिल्टरच असतो असं नाही. पुष्कळ गाड्यांत पंखा फक्त शेवटच्या आकड्यावर चालतो, बाकी आकड्यांवर गप्प. तिथे वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. पंखा अजिबात बोलत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. एकाच जाळीतून हवा कमी येत असेल, तर तिची झडप कोणी बंद केली आहे का बघा; धाकट्या भावंडांवर संशय घ्यायला हरकत नाही. आतली हवा फिरवताना जोर चांगला आणि बाहेरची घेताना कमी, असं असेल तर पुढच्या काचेखालच्या जाळीत झाडाचा पाला अडकला असेल.

आणि एक लबाड प्रकार. सुरुवातीला हवा झकास, अर्ध्या तासाने मंद, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा झकास. इथे गार जाळीवर चक्क बर्फ धरलेला असतो! गॅस कमी झाला की ती जाळी शून्याखाली जाऊ शकते आणि तिच्यावरचं पाणी गोठून हवेची वाट बुजते. तेव्हा या एका बाबतीत गॅस भरायला सांगणारा मेकॅनिक बरोबरही असू शकतो.

रविवारी बाबांना किंवा आईला घेऊन हे करून बघा. गाडी मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढलेला. पातळ कागदाची बोटभर पट्टी प्रत्येक जाळीसमोर धरा आणि पंख्याच्या प्रत्येक आकड्यावर ती कुठे आडवी उडते, कुठे नुसती लोंबते, ते वहीत लिहा. गॅरेजमध्ये जायची वेळ आली तर वही बरोबर न्या.