करंगळी तेवढी जागी होती

दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही दोघे लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी जातो. १९२१-२२ साली येथे शिकत असताना बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते हे घर. गेल्या खेपेस अभिवादन करून चॉक फार्म स्टेशनकडे परतताना ओल्या पानांवरून आम्हा दोघांपैकी एकीचा पाय घसरला आणि सावरण्यासाठी पुढे केलेल्या उजव्या हातावर सारे शरीर आदळले. हात तिचा; परंतु पुढील आठ महिने त्या हाताने आमच्या घरातील प्रत्येक गोष्टीचा ताबा घेतला, म्हणून लिहिताना ‘आम्ही’ हाच शब्द येतो.

पसरलेल्या तळव्यावर पडले असता मनगटाजवळ रेडियसचे हाड मोडते आणि हाताला जेवणाच्या काट्यासारखा बाक येतो. आयरिश शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, केवळ हाताने चाचपून हे वर्णन करून ठेवले. आमचे हाड सांधाजवळ तुकडे होऊन मोडले होते. सहा दिवसांनी मनगटाच्या आतील बाजूने छेद घेऊन धातूची प्लेट आणि स्क्रू बसवण्यात आले. शस्त्रक्रिया संपूर्ण भूल न देता, काखेजवळ इंजेक्शन देऊन तेवढा हात बधिर करून झाली. हात एक दिवसभर लाकडासारखा राहील, मग हळूहळू जागा होईल, असे सांगण्यात आले होते.

दुसऱ्या दिवशी करंगळी जागी झाली. अनामिकेची करंगळीकडील अर्धी बाजूही जागी झाली. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू मात्र मोजा चढवल्यासारखी राहिली. आम्ही म्हटले, भूल उतरत असेल. चौथ्या दिवशी म्हटले, सूज असेल. मग नाताळच्या सुट्ट्या आल्या. तिसऱ्या आठवड्यात टाके पाहणाऱ्या डॉक्टरांनी ‘कसे आहे?’ असे विचारले, तेव्हा आम्ही दोघांनी एका सुरात ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले. एक्स-रे उत्तम होता. त्यांनीही बोटांना स्पर्श करून पाहिले नाही. पाच मिनिटांत आम्ही बाहेर पडलो.

हे ‘ठीक आहे’ आमच्या तोंडी कोठून आले, याचा विचार आम्ही नंतर पुष्कळ केला. या देशातील वास्तव्य नोकरीला बांधलेले, आणि ती नोकरी की-बोर्डवरील दहा बोटांना. म्हणून दुखणे कबूल करण्याची भीती होती, हे खरे. पण त्याहून जुने काही तरी आत होते. दवाखान्यात जागा मिळाली, कोणी हात हातात घेतला, एवढ्यावर समाधान मानून उठायचे, ही शिकवण आम्हांस कोणी शब्दांनी दिली नव्हती. आमच्या आधीच्या पिढीला रांगेत उभे राहिलेले पाहून ती आली होती.

जानेवारीत रात्री कठीण झाल्या. दोन-अडीचला हात जळत असल्यासारखा होऊन जाग येई. उठून तो जोराने झटकला की जरा बरे वाटे. बाराबंदीच्या गाठी मारणे तर सोडाच, शर्टाची गुंडी लावताना ती बोटांत आहे की निसटली, हे डोळ्यांनी पाहावे लागे. चहाचे दोन कप फुटले. पालीत ‘वेदना’ म्हणजे सुखद, दुःखद आणि या दोन्हींहून वेगळी अशी सर्वच संवेदना. मराठीत तिचे दुःख तेवढे उरले. बधिरता तिसऱ्या प्रकारात मोडते असे आम्ही समजत होतो. मोडत नाही. तेथे संवेदनाच पोहोचत नाही.

अशाच एका रात्री, लंडनमध्ये दोन वाजले असताना, आम्ही कामठीला फोन लावला. तेथे सकाळचे साडेसात झाले होते. आईने पडद्यावर सुनेला हात झटकताना पाहिले आणि ती सहज म्हणाली, “रातच्याला असंच होते ना बाई? मी बी लय वर्सं झटकत होती. आता बी झटकते. कामाच्या हाताले होतेच. सांगायचं कोणाले?”

आईने तीस वर्षे विड्या वळल्या. मजुरी हजार विड्यांवर मिळे. तेंदूचे पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, तोंड मिटायचे. मनगट वाकलेले आणि तीच तीन बोटे. जयभीम हे अभिवादन आपल्याला देणाऱ्या बाबू हरदासांनी याच कामठीत विडी कामगारांना संघटित केले होते, हे आम्ही भाषणांत अनेकदा ऐकले, स्वतः सांगितलेही. आई रात्री हात झटकते, हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते.

त्या रात्री आम्ही झोपलो नाही. कचेरीत कोणी ‘चालत नाही’ एवढीच तक्रार लिहिली तर आम्ही ती परत पाठवतो. केव्हा, कुठे, काय केल्यावर, हे विचारतो. स्वतःच्या हाताबद्दल आम्ही तेवढेही लिहिले नव्हते. मग तक्ता केला: कोणते बोट, कोणती बाजू, किती वाजता, किती वेळ, झटकल्यावर काय. तीन रात्रींच्या नोंदी घेऊन फ्रॅक्चर क्लिनिकला फोन केला आणि या वेळी ‘ठीक आहे’ म्हटले नाही.

हातांच्या विशेषज्ञ डॉक्टरबाईंनी तक्ता वाचला आणि करंगळीला काहीच होत नाही ना, हा एकच प्रश्न विचारला. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. बाकी साडेतीन बोटांची मीडियन नर्व्ह मनगटातील एका अरुंद बोगद्यातून येते. तळाशी व बाजूंना मनगटाची लहान हाडे, वर एक जाड आडवा पट्टा, आणि आत नऊ स्नायुरज्जू व ही एक नस. मोडलेल्या हाडामुळे, सुजेमुळे किंवा व्रणामुळे आतली जागा कमी झाली की हाड आणि रज्जू तग धरतात. चेंगरते ती नस. हे शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच वाढत गेले, वेदना असह्य होऊन बोटे बधिर होत चालली, तर त्याच रात्री परत यायचे असते, असे त्या म्हणाल्या. आमचे हळूहळू झाले, एवढेच आमचे नशीब. मग नसेतून विजेचा सौम्य झटका सोडून तपासणी झाली. संदेश मनगटापाशी किती मिलिसेकंद रेंगाळतो, हे पडद्यावर दिसत होते. आम्ही दोघे पोटासाठी हेच मोजतो, सर्व्हरवर.

जानेवारीअखेर तो आडवा पट्टा कापून नस मोकळी केली. त्याच रात्री हात झटकावा लागला नाही. बधिरता मात्र राहिली. चेंगरलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुमारे १८ सेंटिमीटर. म्हणजे सहा महिने. नसेवर बोटाने टिचकी मारली की मुंग्या जेथे उमटतात, ती जागा पुढे सरकत जाते. ही खूण १९१५ साली फ्रान्समध्ये टिनेल यांनी आणि जर्मनीत हॉफमन यांनी, एकमेकांच्या शत्रुराष्ट्रांत बसून, स्वतंत्रपणे नोंदवली. आम्ही दर रविवारी टिचकी मारून पाहत असू.

फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामांत एक असा होता की, दोन्ही तळवे छातीपुढे जोडून कोपरे वर उचलायची. तिने त्याचे नाव ‘प्रार्थना’ असे सांगितले. आम्हांस हसू आले आणि नंतर आले नाही. कारण डिसेंबरपासून वंदनेच्या वेळी हात जुळत नव्हते. उजवे मनगट मागे वळेना, तळव्यांमध्ये फट राही. १४ एप्रिलला विहारात सर्वांसमवेत त्रिशरण घेताना ती फट दोन बोटांची होती. बुद्धपौर्णिमेला एक बोट. वर्षावास सुरू झाला तेव्हा तळवे जुळले. तर्जनीचे टोक अजून अर्धवट झोपलेले आहे.

आईला आम्ही मे महिन्यात कॅमेऱ्यासमोर तळहात धरायला लावला. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तेथे तिला खळगा होता. आम्ही पाहिलाच होता तो, लहानपणापासून. आईचे हात असेच असतात, असे समजलो होतो. नागपूरला तपासणी झाली. दोन्ही हातांची नस चेंगरलेली, उजवी फार. गेलेला स्नायू आता पुरता भरून येणार नाही, पण शस्त्रक्रियेने रात्रीचा त्रास थांबेल, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. आईने पावसाळा उलटू द्या म्हटले. तोवर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला आहे.

पट्टा बांधतेस ना, असे आम्ही रोज विचारतो. बांधते, पण वंदना झाल्यावर, असे ती म्हणते. बांधलेल्या हाताने हात जुळत नाहीत.