तुरीच्या डब्यातले 40 हजार

8 नोव्हेंबर 2016. रात्री आठला पंतप्रधानांनी टीव्हीवर पाचशे-हजारच्या नोटा बंद केल्याचं सांगितलं आणि मला आठवला तो तुरीच्या डाळीचा डबा. तळाशी पिशवीत 40,000 होते, सगळे पाचशे-हजारचे.

आम्ही नवीन जालन्यात राहतो. हे मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहितात, गावी मोसंबीची बाग आहे. लग्नात आईनं कानात सांगितलं होतं, बाईनं चार पैसे बाजूला ठेवावेत, नवऱ्याला कळू देऊ नयेत. किराण्यातून, ओवाळणीतून, भिशीतून मी ते साठवले. त्याचा मला अभिमान होता.

गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत बँकेत भरले तर चौकशी होणार नाही, असं सरकारनं सांगितलं. गुपचूप भरून यावं वाटलं. पण माझ्या एकटीचं खातंच नव्हतं. शेवटी डबा ह्यांच्यासमोर पालथा केला.

हे रागावले नाहीत. नोटा मोजल्या, बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "2013 च्या उन्हाळ्यात किती होते?"

"छत्तीस हजार."

त्या दुष्काळात जालन्याला प्यायला पाणी नव्हतं, जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमची झाडं जगवायला ह्यांनी टँकर लावले होते. त्यासाठी एकाकडून महिना तीन टक्क्यांनी 40,000 उचलले, आणि मला ताप नको म्हणून सांगितलं नाही. महिन्याला 1,200 व्याज. तीन वर्षांत 43,200 गेले, मुद्दल तसंच उभं. आणि एवढे दिवस माझे पैसे ह्यांच्या ताटापासून चार हातांवर पडून होते. बागेतली निम्मी झाडं तरीही गेलीच.

आईचं तिच्यापुरतं बरोबर होतं. वडील प्यायचे, तिनं लपवले नसते तर आमच्या शाळेची फी भरली गेली नसती. जिथं पैसा दारूत जातो, जिथं बाईवर हात उचलला जातो, तिथं तिनं लपवावेतच, हे मी आजही म्हणते. माझी चूक ही, की आईचा नियम मी समोरचा माणूस न पाहता माझ्या घरी आणला. ह्यांचीही तीच चूक. मला झेपणार नाही, हे ह्यांनी मला न विचारताच ठरवलं होतं.

नोटा बँकेत भरल्या आणि डिसेंबरात त्यातून मुद्दल फेडलं. माझ्या नावानं खातं उघडलं. त्यात किती आहेत ते ह्यांना माहीत असतं, ह्यांची देणी माझ्या वहीत असतात.

तुमच्या घरचं माणूस ऐकून घेणारं असेल, तर डबा आजच उघडा. आणि त्याच्यावर कुणाचं कर्ज आहे का, तेही विचारा.