खाऱ्या पाण्याचा हिशेब

संग्रामपूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे गाव. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेला पूर्णा नदीचे काळ्याभोर मातीचे खोरे आणि मध्ये कपाशीची शेते. समुद्र म्हणाल, तर तो पश्चिमेला, सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर. तथापि खारे पाणी म्हणजे काय, हे या मुलखात कोणाला सांगावे लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील या भागाला खारपाणपट्टाच म्हणतात. येथे विहीर खणली, तर पाणी लागते. पण ओंजळभर पाणी तोंडाला लावले, की तोंड वेडेवाकडे होते.

अशा गावातील एका गृहस्थाने आपल्या घरात समुद्र आणावयाचे ठरविले. लहानपणी त्याने मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. 1951 साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयातील रंगीत मासे त्याच्या मनातून कधी गेलेच नाहीत. शिक्षणासाठी आजोळी राहिलेली त्याची भाची तेव्हा सातवीत होती. मामाच्या या उद्योगात ती पहिल्या दिवसापासून सामील झाली.

दिवाळी सरली आणि काचेची टाकी घरी आली. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. तिच्यात शंभर लिटर पाणी मावणार होते. भाची लगबगीने म्हणाली, "मामा, मीठ विकत कशाला आणता? आपल्या कूपनलिकेचे पाणी खारेच आहे की!"

मामा हसला. त्याने तिच्या हाती पाण्याची घनता मोजण्याचे काचेचे साधन दिले. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून लिटरमागे सुमारे पंचवीस ग्रॅमने जड असते. कूपनलिकेचे पाणी त्याच्या जवळपासही नव्हते. "जिभेला खारे लागले, म्हणजे समुद्र होत नाही," मामा म्हणाला. "समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपले जेवणातले मीठ पुष्कळ. पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात, आणि त्यांचे प्रमाण ठरलेले असते. आपल्या जमिनीखालच्या पाण्याचे प्रमाण निराळे. लोणारच्या सरोवराचे आणखी निराळे. त्या सरोवरात समुद्रातला मासा एक दिवसही जगणार नाही."

मग शंभर लिटर शुद्ध पाण्यात सुमारे साडेतीन किलो समुद्री क्षार विरघळविण्यात आले. ते पाहून शेजारच्या आजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "नवलच बाई! आम्ही गोड पाण्याच्या हंड्यासाठी जन्मभर वणवण केली, आणि हे लोक गोड पाण्यात मीठ कालवतात!"

टाकीत पांढरी वाळू पसरली. त्यावर सच्छिद्र दगड रचले. पाणी सतत हलते ठेवणारा एक लहान पंप बसविला. भाचीला वाटले, आता उद्या मासे येणार. पण मामाने टाकीत माशांच्या खाद्याची चिमूट टाकली आणि तो स्वस्थ बसला. एक आठवडा गेला, दोन गेले. रिकाम्या टाकीला खाऊ घालणारे हे घर पाहून तिच्या मैत्रिणी हसू लागल्या.

टाकी मात्र रिकामी नव्हती. खाद्य कुजले, की अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखा असतो. काही जिवाणू या अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळच निरुपद्रवी असते. डोळ्यांना न दिसणारे हे सफाई कामगार दगडांच्या छिद्रांत आणि वाळूत वस्ती करतात. त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. भाची दर चार दिवसांनी परीक्षानळीत पाणी घेऊन त्याचा रंग पाही आणि वहीत नोंद करी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा पौष महिना लागला होता.

मग टाकीतच जन्मलेले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे आले. आणखी महिन्याने, दुसऱ्या एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेल्या मऊ प्रवाळाचा एक तुकडा आला. तो भूछत्रासारखा दिसे. प्रथम तो बंद मुठीसारखा आखडून बसला. दोन दिवसांनी त्याच्या माथ्यावर शेकडो चिमुकली फुले उमलली. प्रत्येक फुलाला पिसांसारख्या आठ पाकळ्या होत्या.

"हे फूल नव्हे, प्राणी आहे," मामाने सांगितले. "तुझ्या आजीच्या गळ्यातले पोवळे ठाऊक आहे ना? पोवळे आणि प्रवाळ हा एकच शब्द. पोवळे हा प्रवाळाचा सांगाडा. आपल्या या मऊ प्रवाळाला तसा दगडासारखा सांगाडा नसतो. याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि आपल्या यजमानालाही देते."

"मग मालवणच्या समुद्रातून आणखी प्रवाळ आणू या!" भाची म्हणाली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात प्रवाळ आहेत, हे तिने वाचले होते.

"तेथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय समुद्रात बेटे रचणाऱ्या कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. आपल्या अंबाबरव्याच्या रानातला वाघही त्याच अनुसूचीत आहे. वाघाला कोणी घरी आणतो का?"

भाची पुन्हा तसे म्हणाली नाही.

चैत्र आला. ऊन तापू लागले. पाणी गार राहावे म्हणून टाकीवर छोटा पंखा लावला होता. त्यामुळे रोज सुमारे दोन लिटर पाण्याची वाफ होई. मामाला कामासाठी पाच दिवस परगावी जावे लागले. निघताना त्याने बजावले, "पाणी कमी झाले, की काचेवरच्या खुणेपर्यंत भरत जा." कोणते पाणी, हे सांगावयाचे मात्र राहून गेले.

भाचीने विचार केला : टाकीत पाणी खारे आहे. तेव्हा जे कमी झाले, तेही खारेच. म्हणून तिने रोज मोजून क्षार घातलेले दोन लिटर पाणी टाकीत ओतले. पाचव्या दिवशी प्रवाळ पुन्हा मुठीसारखा मिटला. एकही फूल दिसेना. मासे कोपऱ्यात जाऊन थांबले.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. उन्हाचे निमित्त सांगता आले असते. ते खरेही वाटले असते. परंतु नोंदवही तिच्याच अक्षरात होती आणि दिवा तिच्या उशाशी होता. उठून तिने त्या पाच दिवसांसमोर लिहिले : 'रोज क्षाराचे पाणी दोन लिटर.' सकाळी मामा आला, तेव्हा तिने काही न बोलता वही त्याच्यापुढे ठेवली.

मामाने ती वाचली. तो रागावला नाही. "किती लिटर ओतलेस?" त्याने विचारले.

"दहा."

"दहा लिटरमध्ये क्षार किती?"

"साडेतीनशे ग्रॅम."

"आणि वाफ होऊन किती क्षार गेले?"

भाची विचार करू लागली. पंख्याजवळच्या काचेवर पांढरी पुटे जमली होती. ती पाहून तिच्या ध्यानात आले. क्षार गेलेच नव्हते. गेले होते ते केवळ पाणी. साडेतीन किलोंचे आता तीन किलो आठशे पन्नास ग्रॅम झाले होते. लिटरमागे पस्तिसाऐवजी साडेअडतीस ग्रॅम!

"ही वही नसती, तर मी उन्हालाच दोष दिला असता आणि आणखी एक पंखा लावला असता," मामा म्हणाला. "मग पाण्याची वाफ आणखी झाली असती, आणि आपला प्रवाळ गेला असता. मीही कोणते पाणी ते सांगितले नव्हते. चूक दोघांची."

एकदम पाणी बदलणे धोक्याचे होते. म्हणून तीन दिवस, थोडे थोडे खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध पाणी घालण्यात आले. घनता पूर्ववत झाली. मासे दुसऱ्याच दिवशी फिरू लागले. प्रवाळ मात्र तसाच मिटलेला होता. भाची शाळेत जाण्यापूर्वी आणि आल्यावर टाकीसमोर उभी राही. आठव्या दिवशी संध्याकाळी त्याच्या कडेला तीन फुले उमललेली तिला दिसली. तिने मामाला मोठ्याने हाक मारली.

मृगाच्या पावसाने वान नदीला गढूळ पूर आला. मामा आणि भाची तो पाहण्यास गेली. वान पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. खडक झिजून विरघळलेले क्षार नद्या चिमूट चिमूट समुद्रात नेतात. ऊन समुद्रातले केवळ पाणी उचलते आणि तेच पुन्हा पाऊस होऊन डोंगरावर पडते. कोट्यवधी वर्षे हे असेच चालले आहे.

पुराकडे पाहता पाहता भाची म्हणाली, "मामा, म्हणजे मी पाच दिवस जे केले, तेच या नद्या करीत आल्या आहेत!"

मामाने मान डोलाविली. दोघे घरी परतली, तेव्हा टाकीतले पाणी खुणेपेक्षा बोटभर खाली गेले होते. भाचीने गोड्या पाण्याचे भांडे उचलले, मोजून पाणी ओतले आणि वहीत तारीख घातली.