वाकळीच्या आत

कोल्हापूर,
१२ डिसेंबर

बये,

वाकळ काल पुरी झाली. पुढच्या बुधवारी रात्री महालक्ष्मीत बसते, गुरुवारी सकाळी दादरला उतरून थेट तुझ्याकडे. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं. वाकळीत जे आहे ते बहुतेक आत आहे, वरून दिसायचं नाही, आणि समोर बसून सांगायला गेले तर मला धड सांगता येणार नाही.

आधी एक कबुली. वैशाखात तुझा रिपोर्ट आला, आतड्यातलं यकृतापर्यंत गेलंय म्हणून कळलं, तेव्हापासून श्रावण सरेपर्यंत मी तुला भेटायला आले नाही. फोनवर गुडघ्यांचं सांगत राहिले. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. तुला बघायची भीती वाटत होती. तू एकदाही विचारलं नाहीस, याचंच जास्त लागलं.

भाची म्हणत होती, नव्या कापडावर तुमचे जुने फोटो छापून घेऊ, छान रजई होईल, कायम जपून ठेवतील. मीही सुरुवातीला तसंच काहीसं धरून बसले होते. कोपऱ्यात तुझं नाव भरायचं, खाली १९८२ आणि आपल्या होस्टेलच्या खोलीचा नंबर. नावाचं पहिलं अक्षर भरून झालं आणि सुई तिथंच थांबली. हे मी तुझ्यासाठी करत नव्हते गं. तू नसशील तेव्हा मला उराशी धरायला काहीतरी हवं होतं. ते अक्षर त्याच रात्री उसवलं.

मग तुला काय हवंय याचा विचार केला. ऑक्सॅलिप्लॅटिन शिरेतून गेलं की पुढचे काही दिवस गार पेल्याला हात लावला तरी बोटांना विजेसारखा झटका बसतो, गार पाण्याचा घोट घशात काट्यासारखा टोचतो, असं तू सांगितलंस. आणि त्या दिवशी तुला बसवतात त्या खोलीत एसी चालू. म्हणजे ऊब हवी, पण जड नको. आपली सहा-सात पदरांची वाकळ तुला एकटीला उचलायची नाही. लोकर नको, मखमल नको. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जे गरम पाण्यात बुडवून धुता येत नाही ते तुझ्या अंगावर नकोच. पलंगाखाली लोळेल एवढी लांब नको, सलाईनच्या नळीत अडकेल एवढी रुंद नको.

लुगड्याच्या मापानंच सगळं सोडवलं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. पाच फुटांच्या पाच घड्या पडतात आणि वर दोन फूट उरतं. पन्हा पावणेचार फूट. तेवढीच केली, लुगड्याला कुठं जोड नाही. पदर चारच. खाली माझ्या वडिलांचं धोतर, तुझ्या अंगाला लागेल ते. वर ठिगळांचं अंग. आणि मधे दोन पदर तुझ्या आईच्या इरकलीचे.

हो, तीच. काळी, गोमी काठाची. तुझ्या वहिनीकडे गेले आणि मागितली. तिनं ट्रंक उघडली, एक शब्द न बोलता काढून दिली. खूप विरली होती, बोट लावलं तरी काही ठिकाणी फाटायची. विरलेलं लुगडं आत घालायचं आणि धड कापड बाहेर, हे तुझ्या आईनंच मला शिकवलं होतं. सुट्टीत तुझ्या घरी आले होते तेव्हा, सोप्यात शेणानं सारवलेल्या जमिनीवर. चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता आणि दोन पितळी डबे. नवं कापड कांजीचं असतं, अंगाशी बोलत नाही, असं म्हणायच्या. जुनेर होईपर्यंत नेसायचं आणि मग पांघरायचं.

इथं मला तुझी क्षमा मागायची आहे. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या. वासानं तुला मळमळतं म्हणून मी ती इरकल तीनदा धुतली, चार दिवस गच्चीवर उन्हात टाकली. गोळ्यांचा वास गेला. पहिल्यांदा घडी मोडली तेव्हा गोळ्यांच्या खाली चुलीचा आणि खोबरेल तेलाचा एक वास होता, तोही गेला. मी पाणी ओतण्याआधी थोडा वेळ तोंडाशी धरून बसले होते. तुला विचारायला हवं होतं. टोपपदर मात्र आधीच कापून वेगळा ठेवलाय, धुतलेला नाही. नाकाला सोसेल त्या दिवशी माग, मी पिशवीत घेऊन येणार आहे.

ठिगळं कुणाकुणाची, ते ऐक. जांभळं तुझ्या धाकट्या जावेच्या साडीचं. हिरवी चौकट तुझ्या शाळेतल्या शिपाईमावशींनी दिली. तू त्यांना सही करायला शिकवलंस ते त्या अजून सांगतात. पिवळं माझं, त्या वर्षीच्या गॅदरिंगचं. तांबडं-पांढरं तुझ्याच सुती साडीचं, जी तू पावसात रंकाळ्यावर भिजवलीस आणि मग आठवडाभर माझी नेसलीस.

दादरला गाडगेमहाराजांच्या धर्मशाळेत तुम्हाला खोली मिळाली, हे कळलं त्या दिवशी मी ठिगळंच जोडत बसले होते. चिंध्या अंगावर घेऊन फिरलेला माणूस, काही भागांत लोक त्यांना गोधडेमहाराजच म्हणत. त्यांच्या नावाच्या छपराखाली तू आहेस म्हटल्यावर त्या रात्री मला झोप लागली.

कडेनं सुरू केलं आणि फिरत फिरत मध्याकडे गेले, बोटभर अंतरानं धावदोरा. दोऱ्याला मेण लावलं होतं. पहिल्या दोन फेऱ्यांचे टाके वाकडे आहेत; ते मी रडत घातलेत, उसवले नाहीत. पुढचे सरळ आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून घालताना तुझ्याशी मनात बोलायची सवय लागली, भांडायचीसुद्धा. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही: त्या हिवाळ्यात मला ताप चढला तेव्हा तू तुझी वाकळ माझ्या अंगावर टाकलीस आणि स्वतः चटईवर दोन ओढण्या पांघरून बसलीस. मी जागी होते. तुझे दात वाजताना ऐकत होते आणि थंडी सोसेना म्हणून गप्प पडून राहिले.

सुया पाच घेतल्या होत्या. पाचही डबीत परत मोजून ठेवल्या, टाचण्याही. तुझे प्लेटलेट कमी आहेत, एखादी आत राहिली असती तर? म्हणून संपल्यावर सगळी वाकळ तळव्यानं चाचपली, दोन्ही अंगांनी, आणि मग भाचीकडून पुन्हा एकदा चाचपून घेतली.

जपून ठेवू नकोस. सांडू दे, डाग पडू दे, उलटी झाली तर होऊ दे. गरम पाणी, साधा साबण, कडक ऊन. विटली तर विटू दे.

डाव्या कोपऱ्याजवळ एक दोरा सुटलाय, प्रवासात आणखी सुटेल. ओढू नकोस. सुई-दोरा माझ्याबरोबर आहे, आल्यावर तिथंच बसून घालते. आणि या खेपेला मी लगेच निघणार नाही. तुझ्या पुढच्या सलाईनपर्यंत राहते, यजमानांना विचारून ठेव मला कुठं अंथरूण टाकायचं ते.

तुझी,
खोलीवाली