पाळणं आणि साकु

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी अंगणात येते. माळ्यावरची पितळी भांडी, गाद्या, समया, पुस्तकं. या वरातीत कित्येक घरांतली माशांची टाकीही निघते. मासे बादलीत, वाळू घमेल्यात, काचेला साबण आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळलेला. मग नळाचं ताजं पाणी भरून टाकी परत दिवाणखान्यात येते. पाहुणे म्हणतात, "वा, काय लखलखतेय!" आणि भाऊबीजेच्या आत दोन-तीन मासे पोट वर करून तरंगू लागतात. घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, दृष्ट लागली.

दृष्ट लागत नाही, लागतो तो घासणीचा हात. घरातल्या स्वच्छतेचा कायदा त्या काचेच्या आत चालत नाही, एवढंच खरं.

मासा आपल्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेला खाऊ आणि सडकी पानं त्यात भर घालतात. हा अमोनिया विषारी, पण त्याला रंग नाही. आरशासारख्या नितळ पाण्यातही तो असू शकतो. त्याचा बंदोबस्त करतात ते जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी जात त्या नायट्राइटचं नायट्रेट करते, ते मात्र माशांना बरंच सोसवतं. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा छडा लावला. ते राहतात वाळूवर, काचेवर आणि सर्वांत जास्त त्या बुळबुळीत, तपकिरी स्पंजात. म्हणजे आपण ज्याला घाण म्हणून पिळून टाकतो, ते टाकीचं विरजण आहे. विरजणाची वाटीच राखेनं घासून काढली तर उद्याचं दही कशाला लावायचं? नव्या टाकीत हे विरजण नीट लागायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून पहिल्याच दिवशी दहा मासे आणून सोडू नयेत.

आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबानं छप्पन लिटरची. वाळू आणि वरचा काठ वजा केला तर पन्नास. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला तेव्हा ती आमच्या स्वाधीन करून गेला. त्याच्या हातचे गप्पी आता नाहीत, त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. पण ती सलग नांदत आली आहेत, आणि त्यासाठी लागतं ते फार थोडं.

आठवड्यातून एकदा चौथाई पाणी काढायचं, म्हणजे आमची एक बादली. रबरी नळीचं तोंड वाळूवर फिरवत ओढलं की तळाचा गाळही त्याबरोबर येतो. स्पंज फार गच्च झाला असेल तर याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, नळाखाली कधीच धरायचा नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला रोगजंतूंपासून वाचवतं, पण स्पंजातल्या जिवाणूंना ते मारतं आणि माशांचे कल्ले जाळतं. नळाला पाणी आलं की एक बादली उघडी ठेवून द्यावी. चोवीस तासांत क्लोरीन बहुतेक उडून जातं. ब्लीचिंगचा वास जास्त असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब घालावेत. आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत नवं पाणी ओतण्याआधी दोन्हीकडे हात घालून पाहावा. फार गार असेल तर थोडं कोमट करून घ्यावं. काढलेलं पाणी गुलाबाला आणि कढीपत्त्याला जातं. नायट्रेट हे झाडाचं खतच.

खरी अडचण सफाईची नसून मायेची आहे. काचेजवळ माणूस आलं की मासे तोंड वर करून धावतात, आणि आपल्याला वाटतं, बिचारे उपाशी आहेत! शृंगेरीला तुंगेच्या घाटावर आपण ओंजळीनं चुरमुरे टाकतो. तिथे मासे मोठे आणि नदी वाहती. उरलंसुरलं ती घेऊन जाते. काचेच्या टाकीला प्रवाह नाही. तिथे पडलेला दाणा तिथेच कुजतो. दोन-तीन मिनिटांत फस्त होईल एवढीच चिमूट घालायची, आणि आठवड्यातून एकदा एकादशी. दिवाळीत तीन-चार दिवस गावाला गेलात तरी धट्टेकट्टे मोठे मासे उपाशी मरत नाहीत. शेजाऱ्यांनी प्रेमानं ओतलेल्या डब्यानं मात्र मरतात. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर रोजच्या वेगळ्या पुड्या बांधून द्याव्यात. रंगकाम किंवा डासांचा फवारा चालू असेल त्या खोलीतूनही टाकी जपावी, कारण हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो.

शेजारच्या अक्का नातीला घेऊन मासे दाखवायला येतात. मुलगी डबा उपडा करायला निघाली की अक्का तिचा हात धरून म्हणतात, "साकु, साकु!" पुरे झालं. आपल्या भागात हा शब्द कोणाला सांगावा लागत नाही. पण कानडीत जनावर पाळण्यालाही साकुच म्हणतात, पाळीव प्राणी तो साकुप्राणी. ते हे दोन शब्द वेगळे धरत असतील. मला मात्र तो एकच ऐकू येतो. आणि आपल्या मराठीचंही पाहा: मासे पाळायचे आणि पथ्यही पाळायचंच. जोपासण्यात हात आवरणं आहे, हे दोन्ही भाषांनी आपापल्या परीनं सांगून ठेवलंय. गप्पींची वीण भराभर वाढते तेव्हाही हेच पथ्य कामी येतं. पिलं वेळीच मागणाऱ्यांना देऊन टाकावीत. गर्दी झाली की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडानं हवा घेऊ लागतात, पर मिटून कोपऱ्यात बसतात. तो इशारा समजावा, आणि खाऊ थांबवून आधी थोडं पाणी बदलावं.

रविवारी मुलाचा फोन येतो. तब्येतीची चौकशी तो सरळ करत नाही; आपल्या वडिलांवर गेलाय. "आई, मासे कसे आहेत? पाणी बदललंस?" एवढंच विचारतो. यंदा म्हणाला, "दिवाळीला येतोय, टाकी जरा चकाचक कर हं."

मी म्हटलं, "बाहेरून काच पुसून ठेवते. आत एकच बादली."