वांग आणि बिनचिठ्ठीचं मलम

संपादकांचा निरोप आला : दिवाळीत चेहऱ्यावर तेज कसं आणावं, यावर सोपं काहीतरी लिहा. उटणं, अभ्यंग, साय-हळद यांवर लिहिता आलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात नागझिऱ्याच्या चोरखमारा बाजूच्या एका गावातून माझ्याकडे चेहरा दाखवायला आलेली बाई डोक्यातून जात नाही. म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

जंगलाच्या कडेच्या या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता आणि पावसाळ्यात धानाची रोवणी. बायांचं निम्मं आयुष्य उन्हात जातं. हिच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर वांग होता. ऊन, गरोदरपणात बदलणारी संप्रेरकं आणि घराण्यातून आलेली प्रवृत्ती या तिन्हींमुळे वांग येतो. त्याने जिवाला धोका नाही. पण एका लग्नात कुणीतरी तिला चेहऱ्यावरून टोकलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. थोड्याच दिवसांत गाल उजळले, मग ती ट्यूब घरात कायमची झाली.

“लावनं बंद केलं का आग होते जी, म्हून लावतोच,” ती म्हणाली.

भिंगाखाली तिचा गाल पाहिला. कातडी पातळ होऊन चकाकत होती आणि तिच्याखाली लाल बारीक शिरांचं जाळं स्पष्ट दिसत होतं. हनुवटीवर पुळ्या, कानशिलाजवळ दाट झालेली लव. वांग मात्र होता तिथेच होता, उलट कडेने पसरला होता. पदराच्या गाठीतून तिने ट्यूब काढली. शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड. हा मेळ मुळात वाईट नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या त्वचातज्ज्ञांनी असंच त्रिकूट मांडलं. रंगद्रव्य कमी करायला हायड्रोक्विनोन, ते आत शिरावं म्हणून ट्रेटिनॉइन आणि या दोघांनी होणारा दाह आवरायला स्टेरॉइड. वांगावर, मोजके आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. मीही ते लिहून देतो आणि वेळेत बंद करतो. आपल्या बाजारात मात्र ते ‘गोरं व्हायचं क्रीम’ होऊन बसलं.

स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून चेहरा लगेच फिकट दिसतो. त्याच वेळी ते कोलॅजेन तयार होणं थांबवतं, म्हणून कातडी विरत जाते. लावणं थांबवलं की आकसलेल्या वाहिन्या फुलतात. चेहरा लाल होतो, जळतो. रोग्याला वाटतं, मलम चांगलं होतं, बंद केल्यानेच बिघडलं. तो पुन्हा दुकानात जातो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले होते. त्यांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता.

आता कायद्याबद्दल. हा विषय निघाला की मला थांबता येत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं. औषध नियमांच्या ‘शेड्यूल एच’मधली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण त्या यादीच्या शेवटी एक टीप होती : बाहेरून लावायची औषधं यातून वगळली आहेत. म्हणजे तेच स्टेरॉइड गोळीत असेल तर चिठ्ठी हवी, ट्यूबमध्ये असेल तर नको! कातडी म्हणजे शरीराबाहेरचं वेष्टन, तिथे काय बिघडणार, या समजुतीतून ही टीप आली असावी असं मला वाटतं. वास्तविक कातडी हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे, आणि चेहऱ्यावरची कातडी तळहाताच्या कितीतरी पट औषध आत ओढते. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये लावायच्या १४ स्टेरॉइडांना ही सूट नाकारणारी अधिसूचना निघाली. ती आम्ही मोठ्या कष्टाने मिळवली, याचा मला अभिमान आहे. पण बाजाराच्या दिवशी गल्ल्यावर चिठ्ठी कोण मागतं? नायट्यालाही स्टेरॉइड मिसळलेलं मलम असंच मिळतं. खाज थांबते, बुरशी आत वाढत राहते आणि पुढे घरभर पसरते.

यावर लोक म्हणतात, मग गावठी, आयुर्वेदिकच वापरू, त्याने काही होत नाही. नागझिऱ्याच्या जंगलाजवळ राहणाऱ्यांनी तरी हे म्हणू नये. बिब्बा याच जंगलातला. त्याचं तेल अंगाला लागलं की कातडी भाजून फोड उठतात, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असं काही नसतं. आणि ‘हर्बल’ लिहिलेल्या डबीत झाडपाला तरी असतो का?

आपल्याच विदर्भातलं अकोल्याचं उदाहरण घ्या. २०२२ साली एकाच घरातल्या तिघी, तरुण मुलगी, तिची बहीण आणि आई, मूत्रपिंडाच्या आजाराने पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला, तो गोऱ्या होण्यासाठी लावलेल्या क्रीमपाशी. त्यात पारा निघाला, तोही हजारो पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजारो भाग. मर्यादा आहे १ पीपीएमची. रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांबं लागतं. पारा त्याच्या कामात खीळ घालतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. मग तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो, तिथली गाळणी गळू लागते आणि लघवीतून प्रथिनं वाहून जातात. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी अशाच एका मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते.

त्या बाईला मी काय दिलं? मलम एकदम न तोडता उतरत्या क्रमाने थांबवलं, साधं मॉइश्चरायझर दिलं आणि सनस्क्रीन लिहिलं. ते लिहिताना हात अडखळला. उन्हात काम करणाऱ्याने दर दोन-तीन तासांनी ते पुन्हा लावावं, असं आमची पुस्तकं सांगतात. तेंदूच्या मजुरीत ते बसत नाही. शेवटी सांगितलं, जाड सुती दुपट्ट्याने तोंड बांध, वर रुंद काठाची टोपी घाल. वांग आटोक्यात राहतो, मुळापासून जाईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. ते ऐकून ती नाराज झाली. आमच्याकडे येणाऱ्याला बरं व्हायचं नसतं, उजळ व्हायचं असतं, आणि त्याचा मला आता थकवा येतो. सावळी कातडी हा आजार नाही. उलट तिच्यातलं रंगद्रव्य उन्हापासून राखण करतं.

पार्लरमधल्या लेझर आणि पीलबद्दल एवढंच : आपल्या रंगाच्या कातडीवर मात्रा चुकली तर भाजलेल्या जागी काळा डाग राहतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. यंत्र कोण चालवतंय, त्याच्याकडे वैद्यकीय पदवी आहे का, हे आधी विचारा.

दिवाळीत उटणं जरूर लावा. पण घरात कुणी गोरेपणाचं क्रीम लावत असेल, तर त्यावर घटक, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक छापलाय का, ते पाहा. छापलेला नसेल तर ते आजच बंद करा, आणि पायांवर सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. ती कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात होते. घटकांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर मात्र स्वतःहून एकदम सोडू नका; ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे या.