गणंग

कडवे वाल सोलायला बसावं तर घाई नसावी. ते भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक उचलायचा. चिमटीत नेमका दाबला की डाळिंबी सालीतून सुटकन बाहेर येते. शब्द सोलायला मी शिकले ते अशाच एका परातीपाशी बसून.

साल 1984. मी चौथीत होते, म्हणजे स्कॉलरशिपचं वर्ष. भाषेचं आणि गणिताचं फारसं भय नव्हतं. बुद्धिमत्ता चाचणीतले समसंबंध मात्र नको जीव करायचे. एक शब्द, दोन ठिपके, दुसरा शब्द, चार ठिपके, तिसरा शब्द आणि शेवटी प्रश्नचिन्ह. पहिल्याचं दुसऱ्याशी जे नातं, तेच तिसऱ्याचं कुणाशी?

पेणच्या आमच्या घरात अभ्यास घ्यायची ती बाबांची आत्या. लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणत. सतराव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं. भावानं हिंगण्याला, कर्व्यांच्या संस्थेत नेऊन सोडलं, आणि तिथून ती मास्तरीणबाई होऊनच बाहेर पडली. निवृत्त झाली तरी तिचं लाल पेन्सिल घेऊन बसणं सुटलं नव्हतं.

"उत्तर हुडकत बसू नकोस," ती म्हणायची. "आधी शब्द सोल."

आणि सोलून दाखवायची. 'हृ' म्हणजे नेणं. त्याचा झाला हार. मागे प्र लागला की प्रहार, आ लागला की आहार, वि लागला की विहार, सम् लागला की संहार, परि लागला की परिहार, उप लागला की उपहार. मूळ एकच, पण एकानं मारायला उठवलं, दुसऱ्यानं जेवायला बसवलं, तिसऱ्यानं फिरायला नेलं. 'आयात : निर्यात :: आगमन : ?' हा प्रश्न मग प्रश्नच उरत नसे. आ आणि निर् समोरासमोर उभे दिसायचे. निर्गमन आपोआप हाती यायचं.

संस्कृतचे बावीस उपसर्ग तिनं माझ्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले. पण मराठीचं घर तेवढ्यावर चालत नाही, हेही तिनंच सांगितलं. गैरहजर, बेशिस्त, नापसंत, बदनाम हे फारसीकडून आलेले पाहुणे, आता घरचेच झालेले. आडवाट, आडनाव, पडजीभ, पडसाद ही आपली घरची मंडळी. शेपटाकडूनही शब्द धरता येतो: कर्जदार, चुगलखोर, दादागिरी, शहाणपण.

मला मग सोलायचं वेडच लागलं. वि म्हणजे 'नसलेला' हे कळल्यावर मी तिला विचारलं, "आत्या, विळी म्हणजे ळी नसलेली का गं? आणि विहीर म्हणजे हीर नसलेली?"

ती परातीवर वाकून हसत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "सोललेला तुकडा दुसरीकडे कुठं भेटतो का, ते बघायचं. फळ विफलमध्ये भेटतं, सफलमध्ये भेटतं, झाडावरही भेटतं. तुझी ळी विळीबाहेर कुठं भेटते का? नाही ना? मग तिथं सांधाच नव्हता. तू उगीच शब्द तोडलास."

इतका सोपा, इतका पक्का नियम मला पुढे कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

संक्रांत झाली होती. बाहेर माजघरात हळदीकुंकू चाललं होतं. बांगड्यांचे आवाज, अत्तराचा वास, तिळगुळाची ताटं. आत्या तिथे नसे. तिला कुणी 'येऊ नकोस' म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण 'ये' म्हटलेलंही ऐकलं नाही. ती स्वयंपाकघरात वाल सोलत होती आणि मी तिच्यासमोर पुस्तक मोठ्यानं वाचत होते.

"सफल : विफल :: सधवा : ?"

"विधवा," आत्या म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

"सधवा म्हणजे?"

"धवासकट असलेली. सवाष्ण."

"आणि धव म्हणजे काय?"

"नवरा. मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव तो माधव."

"पण आई बाबांना धव कुठं म्हणते?"

आत्यानं एक वाल चिमटीत धरला. तो सुटला नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. "कुणीच नाही म्हणत," ती म्हणाली आणि तो गणंग वाल बाजूच्या वाटीत टाकला. "पुढचा."

मी पुढचा प्रश्न वाचला.

तेरा वर्षांनी तेच ठिपके पुन्हा समोर आले. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पुण्यातल्या आमच्या होस्टेलवर जो तो अमेरिकेला शिकायला जाण्यासाठी जीआरई देत होता. बॅरन्सच्या जाडजूड पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी मुली जेवतानाही घोकायच्या. मी नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' घेतलं, कारण तो आत्यासारखा होता: शब्द पाठ करायला लावत नव्हता, सोलायला लावत होता. 'मिसॉजिनिस्ट' बायकांचा द्वेष करतो, तर 'मिसअँथ्रोप' कुणाचा? अँथ्रोपॉस म्हणजे माणूस, झालं उत्तर. पण त्यातलं ग्रीक 'मिस' द्वेषाचं आणि 'मिसटेक'मधलं 'मिस' चुकीचं; दिसायला जुळी, पण आईबाप वेगळे.

खरी गंमत पुढे होती. आमच्या डॉक्टरांनी एकदा कागदावर 'डिस्पेप्सिया' लिहिलं. ग्रीक डिस् म्हणजे आपला दुस्. पेप् म्हणजे आपला पच्. साधं दुष्पचन, तेही दोन्ही तुकड्यांनिशी सख्खं! तसंच हायपर म्हणजे आपलं उपरि, हायपो म्हणजे आपलं उप, पेरी म्हणजे परि. सर विल्यम जोन्सनं 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं सांगितलं होतं. मला ते अपचनाच्या गोळीसोबत कळलं.

सोलण्याची ही सवय फसवतेही. 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं, असं समजून कुणी काडी ओढली तर भडकाच उडेल, कारण तिथला 'इन' नकाराचा नाही. आपल्याकडेही तसंच. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. मग अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर असायला हवं, आणि संस्कृतात ते आहेही. मराठीत मात्र 'माझ्या अपरोक्ष' म्हणजे माझ्या पाठीमागेच! अघोर म्हणजे खरं तर घोर नसलेला. आपल्या बोलण्यात तो घोराहून भयंकर. परीक्षेत विचारावं, 'फ्लेमेबल : इनफ्लेमेबल :: परोक्ष : ?' व्याकरणवाला अडखळेल, मराठी बोलणारा अचूक सांगेल.

अमेरिकेला मी गेले नाही. परीक्षेनं लावलेली एक खोड तेवढी उरली: इंग्रजी शब्दकोशात अर्थाआधी कंसातली व्युत्पत्ती वाचायची. अशाच एका दुपारी, कचेरीत, कशासाठी तरी मी 'विडो' हा शब्द काढला. कंसात लॅटिन 'विदुआ' होता. आणि त्याच्या शेजारी संस्कृत 'विधवा'.

मी पान तसंच धरून बसले. पुढे शोधत गेले तशी यादी वाढली. रशियनमध्ये 'व्दोवा', फारसीत 'बेवा'. बेवामधला 'बे'सुद्धा बेशिस्तमधला वाटतो, पण नाही. तो त्याच जुन्या शब्दाचा झिजलेला तुकडा आहे. मूळ अर्थ वेगळं होणं, रिकामं होणं असा मानतात. नवरा असा कुठलाही तुकडा त्या शब्दात नाही. यास्कानं निरुक्तात विधवा या शब्दाच्या एकाहून अधिक व्युत्पत्ती दिल्या आहेत. धव म्हणजे पुरुष, तो गेला म्हणून विधवा, ही त्यांतली एक. तीच लोकांना पटली. मग धव मोकळा झाला. कोशांत शिरला, कवितेत रमाधव, उमाधव होऊन बसला. माधवसुद्धा मुळात मधूपासूनचा. आणि सधवा? कुणीतरी सफल-विफलसारखं कोडं मांडलं आणि प्रश्नचिन्हाच्या जागी तो शब्द बसवला.

म्हणजे जिला काही वजा होऊन उरलेली समजत होते, तिचाच शब्द अखंड होता. जोडून केलेला शब्द होता तो बाहेर माजघरात बसलेल्यांचा.

हे सांगायला आत्या उरली नव्हती. आणि सांगून काय झालं असतं? शब्दाची फोड चुकली म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नसतं.

समसंबंधांचे दिवस इतरत्र सरले. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेतून ते 2005 साली गेले, जीआरईतून 2011 साली. आपल्याकडे स्कॉलरशिप मध्यंतरी चौथीऐवजी पाचवीला गेली, पण ते चार ठिपके पुस्तकात आहेत. भाचीचा अभ्यास मी घेते. आत्याचा नियम तिलाही सांगितला: सोललेला तुकडा दुसरीकडे भेटतो का बघ.

तो सांगताना दर वेळी मला ते स्वयंपाकघर आठवतं. नियम आत्याचाच होता. धव बाहेर कुठे भेटतो, हे नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं होतं, आणि "कुणीच नाही म्हणत" हे उत्तरही आत्यानंच दिलं होतं. बेरीज पुढे करायची तेवढी राहिली. की मनातल्या मनात केली होती, आणि म्हणूनच "पुढचा" म्हणाली?

वाटीत टाकलेले गणंग ती फेकत नसे. रात्री पुन्हा भिजत घालायची.